बावीस वार साखळी

आत्याच्या बोटीवर चढताना चपला काढायच्या आणि आपली मतं धक्क्यावरच ठेवून यायची, असं काका म्हणतात. त्या शनिवारी सकाळी मी दोन्ही केलं आणि सामानाच्या पिशव्या आत दिल्या. काका आधीच आत होते. बाकांवरच्या गाद्या उलटत होते.

"आत्ता कशाला?" मी विचारलं.

"मागच्या खेपेला ही बाजू वर होती. आता खालचीची पाळी."

काकांनी चाळीस वर्षं शर्ट शिवले. त्यांच्या दुकानात कॉलर उलटवून मिळायची. घासून विरलेली कॉलर उसवायची, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायची, की शर्ट आणखी तीन वर्षं चालतो. दीड वर्षापूर्वी दुकान बंद झालं, कॉलरी संपल्या, आणि काकांचा मोर्चा घराकडे वळला. गाद्या, उशा, सतरंज्या, पायपुसणी, सगळं ठरावीक दिवशी उलटतं. आत्या म्हणते, "मी झोपेत कुशीवर वळले तरी यांना बरं वाटतं. दोन्ही बाजू सारख्या झिजतात."

आत्या नकाशा कचेरीत होती. बत्तीस वर्षं तिनं नदीनाले, रस्ते आणि शेतांच्या हद्दी काढल्या. नुसत्या नजरेनं अंतर सांगणं हा तिचा हातखंडा. लहानपणी आम्ही तिला गच्चीवर उभं करायचो आणि लांबचं एखादं झाड दाखवायचो. ती डोळे बारीक करून "त्रेचाळीस" म्हणायची आणि आम्ही टेप घेऊन पळायचो. बेचाळीस निघायचे, नाहीतर चव्वेचाळीस. माझं मोजायचं वेड तिथलंच. आत्या आणि काका मला अजून 'टेप' म्हणूनच हाक मारतात. पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच हातात पडली होती, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सुरू व्हायला दहा दिवस होते, आणि आत्यानं फोन केला होता: "येतेस का? दोन दिवस. शेवटची खेप असेल कदाचित."

ती 'शेवटची' सहज म्हणाली होती, पण सहज नव्हतं ते.

बोट सात मीटरची. एक डोलकाठी, दोन शिडं, एक लहान इंजिन, आणि आत मला सरळ उभं राहता येणार नाही एवढी खोली. सात वर्षं आत्या कचेरीतल्या एका मैत्रिणीबरोबर या बोटीतून नदीवर फिरली. मैत्रीण मुलाकडे राहायला गेली आणि या वर्षी तिच्या जागी काका आले. सात वर्षांत बोट एकदाही चिखलात बसली नव्हती. या वर्षी दोनदा बसली.

आमच्या नदीत समुद्राचं पाणी सहा तास आत येतं आणि सहा तास बाहेर जातं. नांगर टाकलेली बोट पाण्याबरोबर दिशा बदलते. भरतीत ती नांगराच्या एका बाजूला असते आणि ओहोटी लागली की वळून दुसऱ्या बाजूला जाते. साखळी जितकी लांब सोडाल तितका हा फेरा मोठा. अरुंद जागी साखळी जास्त सुटली, तर बोट फिरून काठच्या चिखलावर जाते आणि खालचं पाणी उतरलं की तिथेच बसते. कमी सुटली, तर नांगर धरतच नाही आणि बोट वाहवते. आत्याचं तेही एकदा झालं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदीच्या मुखाशी तिची बोट नांगरासकट सरकत जाऊन एका तरंगत्या पिंपाला घासली.

चिखलातून ओढून काढायला दोन्ही वेळा धक्क्यावरचा लाँचवाला आला. दुसऱ्या वेळी दोर गुंडाळताना तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी निघतानाच फोन करा. म्हणजे मी दोर आत ठेवत नाही."

आत्या हसली, पण ते तिला लागलं. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, नवा चष्मा घेतला, आणि एका रात्री जेवताना जाहीर केलं, "माझी नजर गेली आहे. अंतरं कळत नाहीत. आता एकदा जरी बोट चिखलाला लागली, तर सोमवारी किल्ली क्लबात नेऊन देईन. शिकणारी मुलं वापरतील."

"लिहून ठेवते हं, आई," ताई म्हणाली आणि खरंच उठून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. ताई म्हणजे आत्याची मुलगी. ती लोकांचे गुडघे आणि खांदे हलते करते. आपल्या आईचे मात्र एका जागी राहावेत अशी तिची इच्छा आहे.

सव्वादहाला आम्ही धक्का सोडला. वारा नावापुरता होता. आत्यानं मोठं शीड उभारलं, पण खरं काम भरती करत होती. पाणी आत येत होतं आणि आम्हाला बरोबर घेऊन चाललं होतं. अर्ध्या तासानं तिनं इंजिन बंद केलं. मग दोन्ही काठांची लव्हाळी, पाण्याखाली जाणारा चिखल आणि त्यातून येणारे बारीक बुडबुड्यांचे आवाज एवढंच राहिलं. चिखलातल्या बिळांत पाणी शिरतं आणि आतली हवा बाहेर येते, म्हणून तो आवाज. सगळा काठ तळणीसारखा तडतडत होता. एक बगळा आमच्या पुढे उडून बसायचा, आम्ही जवळ गेलो की वैतागून पुन्हा उडायचा. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी त्याला सुचलं आणि तो आमच्या मागे जाऊन बसला.

"हुशार आहे," काका म्हणाले. "माझी काही गिऱ्हाइकं होती, त्यांना हे कधी सुचलं नाही."

बाराच्या सुमारास आम्ही डोहाशी आलो. नदी तिथे वळते, आणि वळणावर पाणी खोल आहे. पण जागा लहान. डोहाच्या खालच्या अंगाला चिखलाची एक जीभ पाण्यात शिरली आहे. भरतीत ती दिसत नाही, ओहोटीत उघडी पडते. आत्याची बोट या वर्षी पहिल्यांदा बसली ती याच जिभेवर.

"इथेच?" काकांनी विचारलं.

"इथेच," आत्या म्हणाली. "सात वर्षं इथे नांगर टाकला आहे मी. पिवळा सोडला की बोट बरोबर डोहात राहते. आज नाही राहिली, तर मग समजून चुकले."

साखळीवर दर पाच मीटरला वेगळा रंग आहे. आत्या मागे सुकाणू धरून असते, पुढे साखळी सोडणाऱ्याला ती रंग सांगते. नेहमीच्या जागी पांढरा, अरुंद जागी पिवळा, खोल जागी निळा. या खेपेला तिनं आणखी एक काळजी घेतली होती. तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा दोरीनं नांगराला बांधला होता, म्हणजे नांगर तळाशी कुठे आहे ते वर तरंगणाऱ्या डब्यावरून कळेल.

मी काकांच्या शेजारी पुढच्या टोकाला जाऊन बसले. तळ तीन मीटरवर होता. नांगर गेला, त्यामागे साखळी. काकांची साखळी सोडायची पद्धत बघण्यासारखी होती. उजव्या हातात साखळी धरून हात पूर्ण लांब करायचा, डावा हात नाकाशी आणायचा, सोडायची, पुन्हा धरायची. ओठ हलत होते. रंगांचे पट्टे एकामागून एक पाण्यात जात होते.

"पिवळा आला का?" मागून आत्या ओरडली.

"येतोय, येतोय! हां, आला!"

"बांधा!"

काकांनी साखळी खुंट्याला अडकवली आणि हात पुसले. भरतीचा जोर संपत आला होता, त्यामुळे बोट डब्यापासून फार लांब गेली नाही. बरीचशी साखळी खाली तळावर ढिगानं पडली असणार. आत्यानं इंजिन मागे चालवून नांगर ओढून पाहिला. धरला होता. तिनं वहीत लिहिलं: बारा वीस, खोली तीन, पिवळा.

मग आम्ही अंडी, ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाल्ले. काकांनी चहा केला. एक वाजून गेला तेव्हा पाणी थांबलं. पाच-सहा मिनिटं ते खरोखर थांबतं. लव्हाळीचं एक पान बोटीशेजारी होतं तिथेच होतं. मग ते समुद्राकडे निघालं, आधी विचार करत, मग घाईनं. बोटही वळली आणि संथपणे नांगराच्या दुसऱ्या बाजूला, जिभेच्या दिशेनं आली. काका तोवर उलटवलेल्या गादीवर झोपले होते.

आत्या मागच्या बाकावर बसून डब्याकडे बघत होती. तिनं चष्मा काढला, साडीच्या पदराला पुसला, पुन्हा घातला.

"काय गं?"

"काही नाही. तो डबा मला पुढच्या टोकापासून वीस मीटरवर दिसतो. साखळी सोडली आहे दहा मीटर." तिनं खांदे उडवले. "दुपटीचा फरक! पूर्वी एकाचा असायचा. नजर गेली म्हणजे अशी गेली, बघ."

मला तो डबा लांब दिसत होता, पण किती ते मला सांगता येत नाही. मी टेप लावणाऱ्यांतली आहे. विषय बदलावा म्हणून मी तिची वही उचलली. आत्या प्रत्येक वेळी नांगर टाकला की एक ओळ लिहिते: वेळ, खोली, रंग, आणि पुढे काय झालं. आकड्यांची वही दिसली की मला राहवत नाही. आजची सोडून या वर्षीच्या नऊ ओळी होत्या. सहा वेळा पांढरा, सहाही वेळा 'ठीक'. दोनदा पिवळा, दोन्ही वेळा 'बसली'. एकदा निळा: 'वाहवली'.

"आत्या, पांढऱ्यावर तुझं कधीच काही चुकलेलं नाही."

"मग?"

"नजर गेली असती तर पांढऱ्यावरही चुकायला हवं होतं ना? नजर काय रंग बघून जाते?"

"अगं, मोकळ्या जागी चुकलं तरी कळत नाही. अरुंद जागी कळतं." ती उठली. "पाणी किती आहे बघते."

खोली मोजायचं यंत्र पंच्याऐंशी सेंटिमीटर दाखवत होतं. बोटीला ऐंशी सेंटिमीटर लागतात. तीनला दहा कमी होते आणि पाणी अजून चार तास उतरणार होतं. आत्यानं आकडा पाहिला आणि मागे वाकून पाण्यात पाहिलं. पाणी गढूळ होतं, पण तिला काय दिसतंय ते मला कळलं. बोट जिभेवर आली होती.

"संपलं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट होतं. "इंजिन चालू करून नांगर उचलूया. नशीब असेल तर निघू. पण आता सांगते, टेप, मला यापुढे नको. दर वेळी छातीत धडधड होते. नदीवर येते ती मजा म्हणून ना?"

मी वही मिटायला गेले आणि ती पहिल्या पानावर उघडली. तिथे सात वर्षांपूर्वीच्या शाईनं रंगांचा क्रम लिहिलेला होता, नांगराकडून मोजत: लाल पाच, पिवळा दहा, पांढरा पंधरा, निळा वीस, हिरवा पंचवीस.

मी ते दोनदा वाचलं. मग डोळे मिटले आणि काकांच्या हातातून पाण्यात जाणारी साखळी आठवली. पिवळ्याच्या आधी पांढरा गेला होता. मला नक्की आठवत होतं, कारण त्या पांढऱ्यावर पक्ष्याची घाण आहे की रंग आहे असा मला प्रश्न पडला होता. त्याच्याही आधी निळा. लाल मी पाहिलाच नव्हता.

"काका!" मी आत डोकं घालून ओरडले. "काका, उठा! साखळी किती सोडलीत?"

काका गादीवरून उठले ते आधी डोक्यानं छताला लागले. "पिवळ्यापर्यंत. तीच म्हणाली ना?"

"ते नाही. तुम्ही हातानं मोजत होता. किती झाली?"

"बावीस वार," काका डोकं चोळत म्हणाले. "वर तीन बोटं."

वार म्हणजे एक्याण्णव सेंटिमीटर आणि वर थोडं. बावीस वार म्हणजे वीस मीटर. मला मनातल्या मनात गुणाकार करायची गरजही पडली नाही, कारण आत्या माझ्यामागे येऊन उभी होती आणि तीच म्हणाली, "वीस मीटर?"

"मीटर-बिटर मला माहीत नाही. बावीस वार."

"अहो, पिवळा म्हणजे दहा मीटर. अकरा वार. तुमचं मोजण्यात काहीतरी..."

एवढं ऐकल्यावर काकांची झोप साफ उडाली. "माझं मोजण्यात? चाळीस वर्षं याच हातानं कापड मोजलं. एका गिऱ्हाइकाला एक इंच कमी दिला नाही आणि एक इंच जास्त दिला नाही!"

"काका, एक मिनिट," मी म्हणाले. प्रयोगशाळेत पहिली गोष्ट हीच शिकवतात, की मोजणाऱ्याला आधी मोजून घ्या. "ही बोट मोजून दाखवता? टोकापासून टोकापर्यंत?"

काका वर आले, मागच्या कठड्यापाशी उभे राहिले आणि कठड्याच्या तारेवरून हात, नाक, हात, नाक करत पुढच्या टोकापर्यंत गेले. तिथून ओरडले, "सात वार, तेवीस इंच!"

सात मीटर म्हणजे सात वार साडेतेवीस इंच. मी आत्याकडे पाहिलं.

"काका बरोबर आहेत. डबा वीस मीटरवर आहे. तुझी नजर पण बरोबर आहे, आत्या. साखळी खोटं बोलते."

"साखळी कशी खोटं बोलेल?" आत्या म्हणाली. "रंग मी स्वतः लावले आहेत."

"आणि मी त्यावरून पुन्हा नवे लावले," काका पुढून म्हणाले. ते आता जरा सावकाश बोलत होते. "थंडीत. फिके झाले होते म्हणून. जिथे होते तिथेच लावले हां. जे होते तेच रंग."

"अहो, आणखी काय केलंत थंडीत?"

काकांनी साखळीकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"नांगराकडची बाजू गंजत चालली होती," ते म्हणाले. "आणि आतल्या टोकाकडची अर्धी साखळी कोरी करकरीत. वापरच नाही तिला. एकच बाजू किती दिवस झिजवायची?"

"उलटवलीत," आत्या म्हणाली.

"उलटवली. कॉलर उलटवतात तशी. तुला सांगणार होतो. म्हटलं, बघून खूश होईल."

मला सगळी वही एकदम दिसली. साखळी तीस मीटरची. टोकं बदलली, की पाचचा रंग पंचवीसवर जातो आणि दहाचा वीसवर. पिवळा मागितला की वीस मीटर सुटते आणि बोट चिखलावर जाते. निळा मागितला की दहाच सुटते आणि बोट वाहवते. आणि पांढरा? पांढरा बरोबर मधे. तो उलटा केला काय नि सुलटा केला काय, पंधराच राहतो. म्हणून सहा वेळा ठीक.

"अहो, पण दर वेळी तुम्ही बावीस वार मोजत होता ना? मग बोलला का नाहीत?"

"तू रंग विचारलास! वार कुणी विचारले?" काका कळवळून म्हणाले. "हातात काही आलं की मी मोजतोच. सगळ्यांना सांगत बसलो तर वेडा म्हणाल."

आत्या काही बोलणार तेवढ्यात बोटीला खालून एक मऊ धक्का बसला, गादीवर कोणी बसावं तसा. यंत्रावर ऐंशी दिसत होते.

"टेकली," आत्या म्हणाली. आणि मग मला ओळखीचा असलेला तिचा आवाज परत आला, सुकाणूवरचा. "चला! इंजिन नको, गाळ ओढून घेईल. साखळी हातानं ओढायची. अहो, तुम्ही पुढे. अकरा वार आत घ्या, मोजून! टेप, तू माझ्याबरोबर इकडे."

बोट एका बाजूला कलली की तिचा खालचा कणा थोडा वर उचलला जातो. दोन-तीन सेंटिमीटर का होईना. म्हणून आत्या आणि मी उजव्या बाजूला डोलकाठीच्या तारा धरून बाहेर झुकलो, जितकं झुकता येईल तितकं. आत्या बासष्ट वर्षांची आहे. तिचा नवा चष्मा नाकाच्या टोकाला लोंबत होता.

"तुझं वजन किती?" तिनं विचारलं.

"बावन्न."

"जेवत जा जरा! माझे पासष्ट आहेत, देवाची कृपा. अहो, ओढा ना!"

"ओढतोय! येत नाही!"

"कापड समजून ओढा!"

"कापड असं चिखलात ठेवतं का कोणी!"

काकांनी पाय टेकवून अंगाचा भार मागे टाकला. साखळी ताणली, तिच्यातून पाणी निथळलं. काही हललं नाही. मी बाहेर आणखी झुकले आणि माझा एक पाय सुटला. मी तारेला लटकत राहिले, गुडघ्यापर्यंत पाण्यात. कदाचित त्या झटक्यानंच असेल. बोट थरथरली, खालून एक लांब, ओलसर आवाज आला आणि ती सुटली.

"एक वार!" पुढून काका ओरडले. "दोन! तीन! आली, आली, येतेय! चार!"

आत्या मला पदराला धरावं तसं शर्टाला धरून आत ओढत होती आणि हसत होती. मग हसतच खाली बसली. अकराव्या वाराला डबा पुढच्या टोकापासून जवळच तरंगत होता आणि यंत्रावर एक मीटर नव्वद होते. आत्यानं चष्मा नीट केला.

"साडेनऊ मीटर," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मोज."

"कशानं मोजू? तो पाण्यात आहे."

"मग विश्वास ठेव."

तिचे डोळे भरले होते. हसण्यानं की कशानं, ते तिलाच माहीत. चार महिने ती स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होती. काका पुढून आले, हात चिखलानं काळे, आणि तिच्यापासून जरा लांबच बसले.

"चूक झाली," ते म्हणाले. "तुझ्या बोटीवर माझा काहीतरी उपयोग व्हावा, एवढंच मनात होतं गं. बाकी इथलं मला काय येतं?"

"तुम्ही ना," आत्या म्हणाली. मग चिखल पुसायला तिनं फडकं त्यांच्याकडे टाकलं. म्हणाली, "चहा टाका. पातेलं उलटं ठेवू नका फक्त."

चार वाजता ताईचा फोन आला. नदीवर गेलं की ती चारला फोन करते आणि दर वेळी एकच प्रश्न विचारते. आत्यानं फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"काय आई, पाण्यात की चिखलात?"

मला वाटलं होतं आत्या 'पाण्यात' म्हणून मोकळी होईल. पण ती तशी नाही. "आता पाण्यात," ती म्हणाली. "पण तीनला चिखलाला लागली होती. नऊ मिनिटं. वहीत लिहिलं आहे. शब्द दिला होता, तेव्हा सोमवारी..."

"थांब थांब," काका पुढे झुकले. "शब्द तिनं नजर गेली म्हणून दिला होता. नजर गेलेली नाही. साखळी मी उलटवली होती."

मग ताई म्हणाली, "काय उलटवली होती?"

मी सगळं सांगितलं, रंग, पांढरा, बावीस वार, सगळं. मधे दोनदा ताईनं "बाबा!" म्हटलं आणि एकदा नुसताच श्वास सोडला. शेवटी तिची पावलं ऐकू आली, फ्रिजचं दार उगाच उघडल्याचा आवाज, मग पेनाचा.

"खोडलं," ताई म्हणाली. "आता दुसरं लिहिते. बाबांनी विचारल्याशिवाय घरात किंवा बोटीत काहीही उलटवायचं नाही. कबूल?"

"गाद्या?" काकांनी विचारलं.

"गाद्या चालतील," आत्या म्हणाली.

पाण्यानं आमच्यासमोर चिखलाची जीभ हळूहळू उघडी केली. सहाच्या सुमारास ती पूर्ण वर आली. तिच्यावर आमच्या बोटीच्या कण्यानं काढलेली एक सरळ चर होती, खडूनं रेघ मारावी तशी. तिच्या टोकाशी दोन खेकडे येऊन उभे होते. मला ती चर मोजायची फार इच्छा झाली. आत्यानं एकदा बघून "दोन मीटर वीस" म्हटलं आणि काकांनी "अडीच वार" म्हटलं. यात नऊ सेंटिमीटरचा फरक आहे, आणि त्यावर ते दोघं अंधार पडेपर्यंत भांडले.

सकाळी ओहोटीबरोबर आम्ही खाली निघालो आणि न्याहारीसाठी एका लहान वळणावर थांबायचं ठरलं. साखळी पुन्हा उलटवायची की रंग बदलायचे, यावर वाटेत चर्चा झाली होती. काकांचं म्हणणं, गंजलेल्या बाजूला आणखी एक वर्ष विश्रांती मिळायला हवी. आत्याचं म्हणणं, रंगांचं आता ऐकायचंच नाही.

काका पुढच्या टोकाला उभे राहिले, नांगर हातात. मी त्यांच्या शेजारी, वही घेऊन. आत्यानं मागून काठ पाहिला, लव्हाळी पाहिली, डोळे बारीक केले.

"बारा वार सोडा!" ती ओरडली.

काका वळले. त्यांचा चेहरा, जणू कोणीतरी दीड वर्षानं दुकानाचं दार पुन्हा उघडलं होतं.

"बारा वार!" ते म्हणाले आणि हात लांब केला. मग थांबले. "वर दोन बोटं जास्त सोडू का? धुतल्यावर आटली तर?"